कोटाच्या दोन डाव्या बाजू

सोमवार, ६ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग गिळू नका, रक्तदाब वाढतो. बोलता येत नसेल तर लिहून काढा. मी म्हटलं, मला बोलता येत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं? तरी आज लिहायला बसले आहे, कारण आज खरोखरच तोंडातून शब्द फुटला नाही.

सकाळी चहा पिताना थोरल्या जाऊबाईंनी जाहीर केलं, की पुढच्या महिन्यात त्या लग्न करताहेत. साठी उलटलेली बाई! मोठे भावजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली, ते मान्य. पण लग्न कोणाशी, तर बटणवाल्याशी. हा माणूस दर महिन्याला बटणांची पेटी घेऊन आमच्या दुकानात येतो, आणि चार डझन बटणं विकायला अर्धा दिवस लावतो. त्यातला निम्मा वेळ तो बटणांकडे बघतच नसे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्याचं घर डोंगरापलीकडच्या गावात आहे. तिकडे म्हणे अर्धं वर्ष दात वाजतात.

"आणि दुकान?" मी विचारलं.

"दुकान कुठे जातंय? तू आहेस ना," असं म्हणून बाईसाहेब पावाला लोणी लावत राहिल्या.

मी आहे म्हणजे काय? या दुकानात पहिल्या दिवसापासून एकच रीत आहे. पुढच्या टेबलावर त्या कापड बेतणार, मागच्या खोलीत मी शिवणार. मशीन माझं, कात्री त्यांची. त्यांची मोठी कात्री खिळ्याला टांगलेली असते. तिला मी कधी बोट लावलेलं नाही, आणि माझ्या मशीनला त्यांनी. माप घेतानाचा त्यांचा मंत्र तर गिऱ्हाइकांनाही पाठ आहे: "सरळ उभ्या राहा. श्वास सोडा. पोट आत घेऊ नका, पोटाचं मी बघून घेईन." त्या बेतणार, मी जोडणार. चुकलेली शिलाई उसवता येते. चुकलेलं कापड उसवता येत नाही. म्हणून तर मी मागच्या खोलीत सुखी आहे.

होते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

हे टपाल कचेरीतून आले तेव्हा मी दारातच सगळं सांगितलं. बूट काढता काढता म्हणाले, "वहिनींचं चांगलं झालं." चांगलं झालं! मी विचारलं, लोक काय म्हणतील? तर म्हणे, लोक आपापले बूट काढत असतील. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण वेळेवर माझी बाजू घ्यायला हा माणूस शिकला नाही.

एक गोष्ट मात्र आता उलगडली. गेलं वर्षभर जाऊबाईंचा हात बिघडत चालला आहे. आधी शिलाईचं मार्जिन जास्त सोडू लागल्या. मला वाटलं, असेल घाई. मग बाही बसते त्या मुंढ्याचा गोल नीट येईना. आता तर कहर झाला आहे. बाही म्हणून मला कापडाचा नुसता चौकोन मिळतो, त्यावर गिऱ्हाइकाची मापं खडूने खरडलेली. तो चौकोन मी माझ्या दोरे तोडायच्या छोट्या कात्रीने घासत बसते, मुंढा काढते, तेव्हा कुठे त्याची बाही होते. गळ्याचंही तेच. दोन वेळा बोलून दाखवलं. त्यावर उत्तर काय, तर "तुला जमतंय ना, मग कर." म्हणजे चाकरी करायची मी आणि पाटी त्यांच्या नावाची.

आज कळलं की त्यांचं लक्ष कुठे होतं. बटणांत.

शनिवार, ११ ऑक्टोबर

मी सरळ वर्तमानपत्रात जाहिरात दिली: कापड बेतणारा पाहिजे. आज एक जण आला. मिशा अशा की त्यांनाच वेगळं माप लागावं. मोठमोठ्या दुकानांत काम केलं आहे म्हणाला. दुकानावर नजर फिरवून त्याने "बायकांचं काम" असं काहीतरी पुटपुटलं. ते मी सोडून दिलं. मग त्याने खिळ्यावरची कात्री काढली आणि धार बघायला म्हणून खोक्याचा पुठ्ठा कापला.

कापडाच्या कात्रीने पुठ्ठा!

"ठेव ती खाली!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. जाऊबाई पुढून, मी मागून. गडी कात्री टाकून जो गेला तो छत्री इथेच विसरला.

त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसणार होतो, पण मला वेळेवर आठवलं की मी त्यांच्याशी बोलत नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आज भांडण झालं. बरंच झालं, नाहीतर मी फुटले असते.

दुपारी त्यांनी टेबलावर एक गठ्ठा आणून आपटला. गर्द हिरवं लोकरी कापड. एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने मऊ लव. हात लावला तर उचलावासा वाटेना. आणि आणलंय तरी किती! तेवढ्यात एक कोट होऊन वर बाळाचं दुपटं निघेल. प्रेमात पडलं की माणूस उधळा होतो, हे ऐकून होते.

"हा माझा कोट," त्या म्हणाल्या. "तिकडच्या थंडीसाठी. तू करायचास. बेतण्यापासून."

"मी कात्री धरत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"धर मग."

"आणि चुकलं तर?"

"चुकेल."

इतकं थंडपणे कोणी बोलतं का? मी म्हटलं, तुम्हाला जायचं आहे तर जा, पण जाता जाता मला तोंडघशी पाडून कशाला जाताय? तुमच्यामागे दुकानाला कुलूप लागलं, की तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरणार, बघा, माझ्याशिवाय चाललं नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "धाकटे, गेल्या वर्षभरात..."

"गेल्या वर्षभरात काय?"

"काही नाही. गेल्या वर्षभरात तुझी जीभ फार वाढली."

मी मागे जाऊन मशीन इतकं जोरात चालवलं की सुई मोडली.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

आमच्या घरात आता सगळा व्यवहार ह्यांच्यामार्फत चालतो. "ह्यांना सांगा मीठ संपलंय." "भावजी, तिला म्हणावं मीठ डब्यामागे आहे." हे बिचारे घरीसुद्धा टपालच वाटतात.

हिरवा गठ्ठा टेबलाच्या कडेला तसाच आहे. त्यावरची धूळसुद्धा मी झटकत नाही.

गिऱ्हाईक आलं की मी आधीच सांगून टाकते, नवीन काम नको, दुकान बंद होतंय. चार जणांना सांगितलं. आज मोठ्या दवाखान्याच्या मेट्रनबाई आल्या. त्यांच्या परिचारिकांचे गणवेश आम्हीच शिवतो, आणि खरं सांगायचं तर दुकान त्याच कामावर उभं आहे. त्यांनाही मी तेच सांगायला तोंड उघडलं, तर बाईसाहेब पुढे होऊन म्हणाल्या, "डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कापड घेऊन या. होऊन जाईल."

डिसेंबरात! तेव्हा बाईसाहेब डोंगरापलीकडे शेकोटीशी बसलेल्या असणार. मेट्रनबाई गेल्यावर मी मौन मोडलं आणि विचारलं, शब्द तुम्ही देणार आणि नाक माझं कापलं जाणार, हा कुठला न्याय?

"मग नाही म्हणून सांग त्यांना," त्या म्हणाल्या. "रस्ता ओलांडला नसेल अजून. जा."

मी दारापर्यंत गेले. मेट्रनबाई समोर उभ्या होत्या, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी नाही मारली. का नाही मारली, ते मला माहीत नाही. पाय दुखत होते बहुतेक.

रविवार, २ नोव्हेंबर

बटणवाला आज बाईसाहेबांना घेऊन नदीकाठी फिरायला गेला. या वयात! हे वर झोपले होते. मी खाली आले आणि गठ्ठा उलगडला.

इथे खोटं लिहून काय उपयोग, हे कोणी वाचणार नाही. मला भीती वाटते. लहान मुलाला अंधाराची वाटते तशी. ते कापड टेबलभर पसरलं होतं, एकसंध, त्याच्यावर रेघ नाही की टाका नाही. त्याचं काहीही होऊ शकलं असतं. मला तीच तर भीती वाटते. मागच्या खोलीत माझ्यापुढे तुकडे येतात, आणि तुकड्यांना आपण कोण ते ठाऊक असतं. ही बाही, ही पाठ, ही कॉलर. यांना जोडलं की झालं. पण हे अख्खं कापड माझ्याकडे बघत होतं आणि मी त्याच्याकडे.

कात्री खिळ्यावरून काढली. भारी जड आहे. अंगठ्याच्या जागी त्यांच्या अंगठ्याने झिजून खळगा झाला आहे. माझा अंगठा त्यात सैल बसला. मी कात्री परत टांगली, कापड होतं तसं घडी करून ठेवलं, आणि वर जाऊन ह्यांना उगाचच उठवून भांडले.

सोमवार, ३ नोव्हेंबर

मी कोणाचं चोरून ऐकत नाही. पण जिन्यात उभं राहिलं की पुढच्या खोलीतलं ऐकू येतं, त्याला मी काय करणार?

बटणवाला म्हणत होता, "कोट आपण तिकडेच शिवून घेऊ. तिला कशाला त्रास?"

त्यावर जाऊबाई म्हणाल्या, "नाही करणार ती. भित्री आहे. तिच्यासारखी भित्री बाई मी जन्मात पाहिली नाही."

भित्री!

त्या बाहेर गेल्या तशी मी खाली उतरले. कापड पसरलं, खडू घेतला. मापं? त्यांची मापं मला झोपेत विचारा. इतकी वर्षं त्यांचे कपडे मीच शिवते. आधी पाठ कापली. कात्री कापडात शिरते तेव्हा टेबलावर एक करकर आवाज होतो. मी तो आयुष्यभर भिंतीपलीकडून ऐकला आहे. आज तो माझ्या हातातून येत होता. मग पुढची एक बाजू कापली. मग पुढची दुसरी बाजू. सरसर, न थांबता, मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत.

मग दोन्ही पुढच्या बाजू शेजारी शेजारी ठेवल्या.

दोन्ही डाव्या.

या कापडाला सुलट-उलट बाजू आहे, दुसरा तुकडा कापताना आखणी पालथी करायची असते. हे शिवणाऱ्या कुठल्याही पोरीला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. आणि मी जगातल्या कुठल्याच माणसाला बसणार नाही असा कोट कापून ठेवला.

बसकण मारली जमिनीवर. रडले, सगळं रडले. भीती वाटत होती ती हीच गोष्ट, आणि ती जशीच्या तशी घडली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काल हे खाली आले, दोन्ही तुकडे बघितले, आणि म्हणाले, "एखादा डाव्या अंगाचाच माणूस सापडला तर?" मी त्यांच्या अंगावर टेप फेकली. पण मग हसू आलं. हसल्यावर डोकं थोडं हलकं झालं, आणि लक्षात आलं की घर जागच्या जागी आहे. छप्पर पडलेलं नाही. मला आतापर्यंत वाटायचं, चुकीचं कापलं की त्यापुढे काही नसतं. त्यापुढे मंगळवार असतो.

आज त्या उधळ्या बाईने जास्तीचं आणलेलं कापड मोजलं. अख्खी उजवी बाजू त्यात बसेना, पण दोन उभ्या पट्ट्या निघत होत्या. खांद्यापासून खालपर्यंत मध्ये जोड देऊन उजवी बाजू झाली. आता एका बाजूला जोड आणि दुसरीला नाही, हे लंगडं दिसलं असतं. म्हणून चांगली डावी बाजूही मधून उभी कापून पुन्हा शिवली. चुकीची डावी उरली होती, तिच्यातून कॉलर काढली, खिसे काढले, बाह्यांच्या पट्ट्या काढल्या.

संध्याकाळी दिवा लावायला उठले तेव्हा आठवलं, की दिवसभरात मला भीती वाटली नव्हती. वेळच मिळाला नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

कोट घालून बघितला त्यांनी. आरशासमोर उभ्या राहिल्या, बाही खालीवर केली, मग बोट त्या उभ्या जोडावरून खांद्यापासून खालपर्यंत फिरवलं.

"दोन्ही डाव्या कापल्यास ना?"

मी टेप गुंडाळू लागले.

"वाटलंच मला. म्हणून कापड जास्त आणलं होतं."

मला इतका संताप आला की काय सांगू. म्हणजे मी चुकणार हे बाईंनी दुकानात कापड मोजून घेतानाच ठरवून ठेवलं होतं! मी म्हटलं, एवढी खात्री होती तर सावध का नाही केलंत? एक शब्द बोलला असतात तर?

"तर तू चुकली नसतीस," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या कापडापाशी पुन्हा थरथरत उभी राहिली असतीस."

कोट छान बसला आहे. हे त्यांनी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "खिसा अर्धा बोट वर हवा होता." मी म्हटलं, मग हात अर्धा बोट वर धरा.

बुधवार, १२ नोव्हेंबर

गेल्या.

काल कचेरीत सह्या करून लग्न झालं. बटणवाल्याने नवा सदरा घातला होता, आणि त्याचंच एक बटण तुटलं होतं. मी तिथल्या तिथे लावून दिलं. बोटात सुई टोचावी असं वाटलं, पण नाही टोचली.

आज सकाळी निघायच्या आधी मेट्रनबाईंचा निरोप आला. नवी परिचारिका रुजू होतेय, एक गणवेश तातडीने हवा आहे, मापं आणि कापड पाठवलं आहे. जाऊबाई पायात बूट, अंगात हिरवा कोट, अशा टेबलाशी गेल्या. उभ्याउभ्या बेतून टाकला. खडूसुद्धा घेतला नाही. तुकडे माझ्या हातात दिले, कात्री खिळ्याला टांगली आणि दाराकडे वळल्या.

"कात्री राहिली तुमची," मी म्हटलं.

"माझी कुठली? मी आता शिवणार नाही. मला तिकडे काय करायचंय तेच अजून माहीत नाही," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग लक्षात आलं, की त्यांचे हात कोटाच्या खिशांत होते आणि खिसे हलत होते. त्या थरथरत होत्या. थंडी तर काहीच नव्हती.

गाडी सुटल्यावर मी हात केला नाही. हे दोघांच्या वतीने करत होते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

तो गणवेश शिवायला घेतला. सवयीने छोटी कात्री हातात धरून बाही उचलली, घासायला. घासायला काही नव्हतं. मुंढ्याचा गोल असा होता की कंपासने काढावा. गळा तसाच. मार्जिन सगळीकडे सारखं, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. सगळे तुकडे जोडून झाले तरी कात्रणांचा डबा रिकामाच.

म्हणजे हात बिघडला नव्हता. कधीच बिघडला नव्हता.

मग वर्षभर मला चौकोन का दिले? आधी नुसतं मार्जिन वाढवलं. ते मी निभावलं, तेव्हा मुंढा सोडून दिला. तो जमला, तेव्हा गळा. शेवटी सगळंच सोडून दिलं, आणि मी मागच्या खोलीत बसून, शिव्या देत देत, दोरे तोडायच्या कात्रीने दवाखान्यातल्या सगळ्या परिचारिकांचे कपडे बेतत राहिले.

लबाड बाई. कसली पाताळयंत्री बाई आहे ही! समोर असती तर अशी भांडले असते की शेजारचे गोळा झाले असते. हे म्हणाले, फोन कर. मी म्हटलं, फोनवर भांडण नीट होत नाही, माणूस समोर लागतो. मग त्यांच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसले. फार रिकामी आहे ती खोली. मला त्या हव्या आहेत. लिहिलं एकदाचं.

सोमवार, १ डिसेंबर

मेट्रनबाई आल्या, बरोबर कापडाचे तागे घेऊन एक माणूस. त्यांनी टेबलाकडे बघितलं, खिळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"थोरल्या बाई गेल्या ऐकलं. मग बेतणार कोण?"

"समोर कोण उभं आहे?"

"तुम्ही? तुम्ही तर मागे बसता."

त्या म्हणाल्या, पहिला गणवेश त्यांचा स्वतःचाच करा, तो बघून बाकीच्यांचं ठरवू. म्हणजे परीक्षाच. मी गळ्यात टेप अडकवली आणि पहिल्यांदा पुढच्या खोलीत, उजेडात, गिऱ्हाइकासमोर उभी राहिले. मेट्रनबाईंनी अंग चोरलं.

"सरळ उभ्या राहा," मी खेकसले. "श्वास सोडा. पोट आत घेऊ नका, पोटाचं मी बघून घेईन."

मेट्रनबाई दचकल्या आणि सरळ झाल्या. मापं घेतली. कापड पसरलं, आखणी पालथी करून दोन्ही बाजू तीनतीनदा ताडून बघितल्या, आणि कात्री उचलली. अंगठा अजून त्या खळग्यात सैलच बसतो.

मेट्रनबाईंनी श्वास केव्हाच सोडला होता. पहिली करकर ऐकू येईपर्यंत रोखून धरला होता तो मी.